आठ तास, तीन पिढ्या आणि एक छोटासा किनारा

क्रूझवर जाऊन आलेल्या कुठल्याही मित्राचे फोटो बघा. डेकवरचा सूर्यास्त, बुफेतला केकचा डोंगर, स्विमिंग पूल, रात्रीचा डान्स शो... आणि बंदरावरच्या दिवसाचा मात्र एखाद-दुसरा फोटो. तोही बहुतेक टॅक्सीच्या काचेतून काढलेला! विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘गोवा काय, आपण नेहमीच जातो गं. जहाजावरच पडून राहिलो.’ नाहीतर एकदम दुसरं टोक, ‘जुनं गोवं, मंगेशी, पणजी, बागा, सगळं उरकलं. पोरं गाडीतच झोपली.’

आता मी सांगते ते ऐका. सोबत एखादं शाळकरी पोर आणि एखादे आजी-आजोबा असतील, तर बंदरावरचा दिवस हा अख्ख्या क्रूझमधला सगळ्यात भारी दिवस होऊ शकतो. अट एकच. यादी छोटी ठेवायची. इतकी छोटी की ऑफिसात सांगताना थोडी लाज वाटली पाहिजे.

आमची टीम चौघांची. मी, नवरा, सात वर्षांची लेक आणि माझी बहात्तर वर्षांची आई. आम्ही अंधेरीत, आई वेंगुर्ल्याला. वर्षभर नातं चालतं ते व्हिडिओ कॉलवर, त्यातही निम्मा वेळ ‘आजी, तुझं फक्त कपाळ दिसतंय’ यात जातो. वेंगुर्ल्याहून गोवा म्हणजे हाकेच्या अंतरावर. आणि आम्ही काय केलं, तर आईला आधी मुंबईला आणलं आणि तिथून बोटीत बसवून गोव्याला नेलं! नवऱ्याचे मित्र अजून हसतायत. पण कारण होतं. आईला पुन्हा एकदा बोटीने जायचं होतं.

बोट लागली का?

आमच्या पिढीला क्रूझ हा प्रकार नवा. आंग्र्यांच्या नावाची ‘आंग्रिया’ २०१८ मध्ये मुंबई-गोवा धावायला लागली, मग २०२१ मध्ये ‘कॉर्डेलिया’ आली आणि आपल्याला वाटलं, वा, काय हटके आयडिया आहे! आईच्या पिढीला विचारा. कोकणातल्या माणसासाठी मुंबईला जाण्याचा रस्ता हाच होता. भाऊच्या धक्क्यावरून बोट निघायची आणि दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत पणजीला जायची. बऱ्याच ठिकाणी धक्का नव्हताच. बोट लांब उभी राहायची आणि पडावातून माणसं, पोरं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या किनाऱ्यावर यायच्या. पावसाळ्यात सगळं बंद. पुढे रस्ते सुधारले, एसटी वाढली, ऐंशीच्या दशकात बोटी ओसरल्या आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यावर तर विषयच संपला.

‘गाडी लागते’ तसं आपल्याकडे ‘बोट लागते’ हेही म्हणायचे. आईने जहाजावर पहिल्याच रात्री लेकीला लिंबू हुंगायला दिलं आणि विचारलं, ‘बोट लागली का गो?’ लेकीने बाल्कनीतून खाली बघत शांतपणे सांगितलं, ‘नाही आजी, अजून धक्का आलाच नाहीये.’

पहाटे पाचला जाग आली तेव्हा आई डेकवर उभी होती. वेंगुर्ला दिसतंय का बघत होती. दिसत काहीच नव्हतं, नुसता काळोख. तरी उजाडेपर्यंत हलली नाही.

आधी गणित, मग गोवा

जहाज मुरगाव बंदराला लागतं. म्हणजे वास्कोजवळ, दक्षिण गोव्याच्या टोकाशी. गोवा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जी पणजी, मिरामार, कळंगुट वगैरे येतात, ती इथून झुआरी नदीच्या पलीकडे. कळंगुट-बागा तर मांडवीच्याही पलीकडे. जुनं गोवं इथून साधारण पस्तीस किलोमीटर. झुआरीवरचा नवा केबलचा पूल २०२२ च्या डिसेंबरात उघडला, पुढच्या डिसेंबरात दुसरी बाजूही सुरू झाली आणि तिथली ती जुनी रखडपट्टी बरीच कमी झाली. तरीसुद्धा जाऊन-येऊन दोन-अडीच तास पक्के धरा.

आता आमचं गणित बघा. सकाळी साडेआठला उतरायचं, दुपारी साडेचारला परत जहाजावर. झाले आठ तास. रांगेतून उतरून बंदराच्या गेटबाहेर गाडीत बसेपर्यंत पाऊण तास. परतीला एक तास आधीच मोकळा सोडायचा, कारण विमान चुकलं तर दुसरं मिळतं, जहाज चुकलं तर ते समुद्रात जाताना नुसतं बघायचं. उरले सव्वासहा तास. त्यात जेवण, बाथरूम, ‘मला तहान लागली’, ‘माझा चष्मा कुठाय’. म्हणजे हातात साडेचार तास.

साडेचार तासांत आईचे ऑपरेशन झालेले गुडघे आणि लेकीचा तापट स्वभाव घेऊन पाच ठिकाणं करायची की दोन? आम्ही दोन निवडली. नौदलाचं विमान संग्रहालय आणि त्याच्याच पायथ्याचा बोगमाळोचा किनारा. वास्कोपासून सात-आठ किलोमीटर. दोन्हींमधलं अंतर पाच मिनिटांचं.

बंदरातच सुरू होते गोष्ट

उतरायच्या रांगेत पोरं कंटाळतात. त्यांना मोबाइल देऊ नका, गोष्ट सांगा. या बंदराकडे अशा दोन जबरदस्त गोष्टी आहेत.

पहिली १९४३ ची. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा गोवा पोर्तुगीजांकडे आणि पोर्तुगाल युद्धात तटस्थ. म्हणून काही जर्मन मालवाहू जहाजं आसऱ्याला येऊन याच बंदरात नांगर टाकून बसली. इंग्रजांना संशय, की त्यातल्या ‘एरेनफेल्स’ जहाजावरून चोरून रेडिओ संदेश जातात आणि त्यावरून पाणबुड्या आपली जहाजं बुडवतात. पण तटस्थ बंदरावर लष्कर कसं पाठवणार? मग त्यांनी कलकत्त्याहून चक्क नोकरदार माणसं पाठवली! कलकत्ता लाइट हॉर्स नावाच्या हौशी पलटणीतले मध्यमवयीन साहेब. एक संथ, जुनाट बोट देशाला अर्धा वळसा घालून आली, तीत बसून ते इथे आले आणि मार्चमधल्या एका रात्री त्यांनी एरेनफेल्सवर हल्ला चढवला. यावर १९८० मध्ये ‘द सी वुल्व्ह्ज’ नावाचा सिनेमा निघाला, ग्रेगरी पेकचा. ऑफिसात बसून बसून पोट सुटलेल्या तमाम मंडळींना स्फूर्ती देणारी ही गोष्ट आहे, असं आमच्या नवऱ्याचं मत!

दुसरी १८ डिसेंबर १९६१ ची. गोवामुक्तीच्या लढाईत ‘आयएनएस बेटवा’ आणि ‘आयएनएस बियास’ या आपल्या युद्धनौकांनी पोर्तुगीजांच्या ‘अफोन्सो द अल्बुकर्क’ला याच बंदराच्या तोंडाशी गाठलं. जबर मार बसलेली ती नौका शेवटी पलीकडच्या किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात जाऊन रुतली. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. डेकवर उभं राहून ‘ते बघ, तिथे’ असं बोट दाखवून सांगता येणारा इतिहास किती ठिकाणी मिळतो? लेकीने रांग संपेपर्यंत एकदाही ‘अजून किती वेळ’ विचारलं नाही.

विमानांच्या अंगणात

नौदलाचं विमान संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झालं. म्युझियम म्हटलं की पोरं नाक मुरडतात, पण इथे निम्मा माल उघड्या अंगणात आहे. खरीखुरी विमानं गवतावर ओळीने उभी. त्यांच्याभोवती फिरायचं, पंखांखालून वर बघायचं, पंखा केवढा ते मोजायचं.

सगळ्यात मोठं धूड म्हणजे ‘सुपर कॉन्स्टेलेशन’. तीन शेपट्यांचं, बाकदार पाठीचं विमान. आधी एअर इंडियाचं होतं तेव्हा त्याचं नाव होतं ‘रानी ऑफ एलोरा’, म्हणजे आपल्या वेरूळची राणी! मग ते हवाई दलात गेलं, तिथून नौदलात आलं आणि समुद्रावर लांबवर टेहळणी करू लागलं. ‘म्हणजे हिने तीन नोकऱ्या केल्या?’ लेकीचा प्रश्न. हो गं बाई, आणि रिटायर होऊन गोव्यात सेटल झाली. आपल्या सगळ्यांचा करिअर प्लॅन हाच तर आहे!

बाजूला ‘सी हॉक’ आणि ‘अलिझे’. १९७१ च्या युद्धात ‘विक्रांत’वरून उडालेल्या विमानांची ही जात. आणि ‘सी हॅरियर’, जे हेलिकॉप्टरसारखं सरळ खाली उतरू शकायचं. २०१६ मध्ये इथल्याच ‘हंसा’ तळावर त्यांना निरोप दिला गेला. आत दालनात युद्धनौकांच्या प्रतिकृती, फोटो, शस्त्रं. ऊन चढलं की आत, पोरं चुळबुळली की बाहेर. दीड तास मजेत जातो. आईसारख्यांना सोयीचं म्हणजे फिरणं बरंचसं सपाटीवर. फक्त एक ध्यानात ठेवा, सोमवारी संग्रहालय बंद असतं. आमचं जहाज रविवारी लागलं म्हणून जमलं. बुकिंग करतानाच वार बघा.

खरा इम्तिहान

आता बोगमाळो. टेकड्यांच्या कुशीतला छोटासा अर्धगोल किनारा. समोर समुद्रात बेटं दिसतात, वाळूवर ओढून ठेवलेल्या मासेमारीच्या होड्या, काही शॅक्स, बस्स. बागासारखी जत्रा नाही. या टोकाला उभं राहून त्या टोकाचं पोर दिसतं. आई-बाबा मंडळींनो, किनारा निवडायचा सगळ्यात मोठा निकष हाच. लांबी नव्हे, नजरेचा टप्पा.

पण आमच्यासाठी प्रश्न वेगळाच होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत एका स्विमिंग क्लासमध्ये ‘असंच शिकतात’ म्हणत लेकीला खोल बाजूला ढकललं होतं. तेव्हापासून पाणी म्हटलं की तिचे हात थंड पडायचे. जहाजावरच्या पूलकडे तर ती फिरकलीही नव्हती. आणि आई? जन्म समुद्राकाठी गेलेला, पण गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून दोन वर्षं पाण्यात पाय टाकला नव्हता. पडेन, ही भीती. घरापासून दहा मिनिटांवर समुद्र आणि ती लांबून बघून परत यायची, हे मला इथेच कळलं. फोनवर कधी बोलली नव्हती.

आधी आम्ही झेंडे बघितले. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून ‘दृष्टी’चे जीवरक्षक असतात. लाल-पिवळा झेंडा म्हणजे इथे पोहा, आमचं लक्ष आहे. लाल झेंडा म्हणजे पाण्यात उतरू नका, विषय संपला. टॉवरवरच्या मुलाला विचारलं, ‘लहान मुलगी आणि आजी आहेत, कुठे उतरू?’ त्याने दोन झेंड्यांमधली जागा दाखवली आणि कुठल्या बाजूला जायचं नाही तेही सांगितलं. हे विचारायला लाजू नका. आपण नव्या शहरात रिक्षावाल्याला दहा प्रश्न विचारतो, मग समुद्राला गृहीत का धरायचं?

आणि एक फंडा पक्का लक्षात ठेवा. किनाऱ्यावर आलेलं पाणी कुठून तरी परत जातंच. कधी कधी ते एका अरुंद पट्ट्यातून जोरात आत ओढलं जातं, त्याला म्हणतात रिप करंट. गंमत म्हणजे तिथे लाटा कमी फुटतात, त्यामुळे आपल्याला तीच जागा शांत, सेफ वाटते! पोरांना घेऊन आपण नेमके तिथेच उतरतो. सापडलातच तर किनाऱ्याकडे जोर लावून दमायचं नाही. हात वर करून मदत मागायची, तरंगत राहायचं, पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्यातून बाहेर पडायचं.

लेक ओल्या वाळूच्या कडेला येऊन थांबली. पुढे नाही. नवरा पाण्यात उभा राहून ‘कम ऑन, मज्जा येते’ करत होता. मी चॉकलेटची लालूच दाखवली. काही उपयोग नाही. तेवढ्यात आईने चपला काढल्या, साडी जरा वर खोचली आणि तिच्या शेजारी येऊन उभी राहिली.

‘समुद्र काय खातलो काय तुका?’

‘आजी, मला भीती वाटते.’

‘माका पण वाटता. ये, माझो हात धर. मी पडलंय तर तू धर, तू पडलंस तर मी धरतंय.’

हे लेकीला पटलं. तिला कुणी ‘घाबरू नको’ म्हटलं नव्हतं, तिला काम दिलं होतं. आजीला सांभाळायचं. दोघी घोट्यापर्यंत गेल्या. लाट आली, दोघी किंचाळल्या. मग पुढे दोन पावलं. मी एका बाजूला, नवरा दुसऱ्या बाजूला, हात लावायचा नाही असं ठरवून. गुडघ्याएवढ्या पाण्यात आजी थांबली आणि नातही थांबली. त्याच्या पुढे त्या गेल्या नाहीत आणि जायची गरजही नव्हती. वीस मिनिटं तिथेच. कानावर आलं ते एवढंच, ‘आजी, तू घाबरलीस का? मी आहे.’

माझ्या फोनमध्ये त्या वीस मिनिटांचा एकही फोटो नाही. हात मोकळे ठेवले होते.

वाळूत बसल्या बसल्या

पाण्यातून बाहेर आल्यावरचा तास बच्चेकंपनीसाठी सोन्याचा. खेळणी विकत घ्यायची गरजच नाही. ओल्या वाळूत इवल्याशा खेकड्यांनी मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी काढलेली असते. वाळूतलं खाणं खाऊन उरलेली वाळू ते गोळ्या करून टाकतात. लेक अर्धा तास बिळाशी दबा धरून बसली. आईने तिला होड्या दाखवून रापण कशी ओढतात ते सांगितलं. होडीतून जाळं अर्धगोल टाकत यायचं आणि मग अख्ख्या गावाने दोन्ही टोकं किनाऱ्यावरून ओढायची. तुमच्या नशिबात असेल आणि एखाद्या किनाऱ्यावर रापण ओढणं चालू असेल, तर विचारून दोरीला हात लावा. पोरं जन्मभर विसरणार नाहीत.

जेवण शॅकमध्ये. शीत-कडी, तळलेला बांगडा, सोलकढी. पोरांसाठी तिखट कमी करा असं आधीच सांगा. वास्कोतून येताना बेकरीतून पाव घेऊन ठेवले होते. गोव्यातले कडक उंडे, कोंड्याची पोई आणि बांगडीसारखं कांकण. कांकण हातात घालून फिरता फिरता खाता येतं, हा लेकीचा शोध! आईने बांगडा खाऊन निकाल दिला, ‘बरो आसा. वेंगुर्ल्याचो नाय.’

पावणेतीनला निघालो. सव्वातीनला बंदराच्या गेटवर. भरपूर वेळ हातात होता म्हणून कुणी कुणावर ओरडलं नाही, आणि सहकुटुंब प्रवासात यापेक्षा मोठी लक्झरी नाही.

तुमची टीम वेगळी असेल तर?

पोरं दहा-बारा वर्षांची असतील तर जुनं गोवं जरूर करा, पण फक्त तेच. १६०५ मधलं बॉम जेझू बॅसिलिका, सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव, समोर से कॅथेड्रल. ही चर्चेस १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. रविवारी प्रार्थना असतात, तेव्हा कपडे आणि आवाज दोन्ही आवरते ठेवा. येताना पणजीच्या फोंतेन्हासमध्ये रंगीत घरांच्या गल्ल्यांतून एक चक्कर.

सोबत अगदी तान्हं बाळ असेल तर बंदराच्या वरच्या अंगाला सडा भागात जपानी गार्डन आहे. झाडं, बाकं आणि खाली समुद्र. जास्त फिरणं नाही, जहाजही जवळ.

बॅग भरताना

१. जहाजाचं कार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र, प्रत्येकाचं. बंदराच्या गेटवर दोन्ही लागू शकतं.

२. ‘जहाज सुटण्याची वेळ’ आणि ‘जहाजावर परतण्याची वेळ’ या दोन वेगळ्या वेळा आहेत. दुसरी पाठ करा, पोरांनाही पाठ करायला लावा.

३. टॅक्सी परतीसकट ठरवा. भाडं आणि थांबण्याचा वेळ आधीच बोलून घ्या.

४. टोपी, पाणी, सनस्क्रीन, कोरडे कपडे, एक जुनी चादर. ज्येष्ठांची औषधं केबिनमध्ये नाही, तुमच्या पाठीवरच्या बॅगेत.

५. पाण्यात काही डसलं तर चोळू नका. सरळ जीवरक्षकाकडे न्या.

६. ड्रिंक्सचा कार्यक्रम जहाजावर परतल्यावर. पोरं पाण्यात असताना दोघांपैकी एकाचं काम फक्त बघत राहणं. मोबाइल खिशात.

आणि हो, बंदरावरच्या दिवशी काय करायचं हे ठरवताना गूगलला विचारण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आणि सगळ्यात लहान माणसाला एकच प्रश्न विचारा, ‘तुला काय करायचंय?’ उत्तरं बहुतेक छोटी असतात आणि आठ तासांत आरामात बसतात. पुढचा लाँग वीकेंड कधी आहे, बघा बरं!